संवर्धन गट आणि वन्यजीव माहितीपटकार: गावात कॅमेरा येण्याआधी, चित्रीकरणात आणि त्यानंतर काय करावे

विदर्भात जंगलालगत संवर्धनाचे काम करणारे गट आणि वन्यजीवांवर माहितीपट करणारे लोक यांची गाठ बहुधा उलट्या क्रमाने पडते. आधी कोणाच्या तरी ओळखीने कॅमेरामन येतो, त्याला उत्साहाने घरटे, पाणवठा किंवा वाघाचा वावर असलेला नाला दाखवला जातो, चित्रीकरण उरकते, आणि त्यानंतर परवानगी कोणाची होती, फुटेज कोणाचे, मानधन किती आणि गावाला चित्रपट दाखवणार की नाही, हे प्रश्न निघतात. तोपर्यंत बोलण्यासारखे काही हातात उरलेले नसते. पुढील टप्पे ग्रामसभा, जैवविविधता व्यवस्थापन समिती, मत्स्य सहकारी संस्था आणि लहान स्वयंसेवी संस्था यांना समोर ठेवून लिहिले आहेत. माहितीपटकारांनीही ते वाचले तर गावात पोचल्यावर त्यांचा वेळ वाचेल. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये.

टप्पा १. गोष्ट आधी कागदावर उतरवा

माहितीपटकाराला फोन करण्यापूर्वी आपल्याकडे नेमकी कोणती गोष्ट आहे, हे एका पानात लिहून काढावे. "आमच्या भागात जैवविविधता खूप आहे" ही गोष्ट नव्हे, ते केवळ वर्णन आहे. गोष्टीला माणसे लागतात, त्या माणसांपुढची अडचण लागते, काहीतरी बदललेले किंवा बदलत असलेले लागते, आणि तो बदल डोळ्यांना दिसेल असा काळ लागतो.

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील माजी मालगुजारी (मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचे, म्हणजे मामा तलावांचे उदाहरण घ्यावे. काही तलावांमध्ये ढिवर समाजाच्या मत्स्य संस्थांनी आणि महिला गटांनी बेशरम हे तलावात माजणारे झुडूप काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. ही गोष्ट चित्रपटासाठी उत्तम आहे, पण ती वर्षभर पसरलेली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम उपटली जाते, पावसाच्या सुरुवातीला वनस्पती लावल्या जातात, हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात आणि जाळ्यात काय आले हे तेव्हा कळते. जानेवारीत चार दिवसांसाठी आलेल्या चमूला फक्त भरलेला तलाव आणि पक्षी दिसतील. चिखलात उभे राहून केलेले श्रम त्याच्या चित्रपटात कधीच येणार नाहीत. म्हणून त्या एका पानासोबत महिन्यांची यादी जोडावी आणि प्रत्येक महिन्यापुढे काय घडते, कुठे घडते आणि ते करणारे कोण, एवढे लिहावे.

ही यादी करताना गावाचे शेतीचे वेळापत्रकही त्यातच धरावे. धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत मुलाखतीसाठी कोणालाही वेळ नसतो. मोहफुले वेचणारी माणसे पहाटेच बाहेर पडतात, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खे घर रानात असते. पश्चिम विदर्भात कापूस वेचणी सुरू असताना बायकांना बोलायला बसवणे म्हणजे त्यांची मजुरी बुडवणे होय. चित्रीकरणाच्या तारखा चमूच्या सोयीने ठरवल्या तर पडद्यावर तीच दोन-चार मोकळी माणसे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि ती बहुधा पुरुष असतात.

शेवटी, वाघ नसेल तर माहितीपटकार येणार नाही, हा समज सोडून द्यावा. तो खरा असलाच तर तो काही वाहिन्यांपुरता खरा आहे. धानाच्या बांधीत घरटे करणारा सारस, कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट, गडचिरोलीतील कोलामार्काच्या रानम्हशी, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी रात्रभर जागलीला बसणारे शेतकरी, यांतील प्रत्येक विषय पुरेसा आहे. वाघाची गोष्ट सांगायचीच असेल, तर ती ताडोब्याच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) किंवा ब्रह्मपुरी वनविभागात वाघाशेजारी राहणाऱ्या माणसांच्या बाजूने सांगावी. नुसता वाघ टिपलेले फुटेज बाजारात भरपूर आहे.

तपासणी: लिहिलेले पान गटाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यावे. कोणाचे काय झाले, हे त्याला चार वाक्यांत सांगता आले नाही, तर पान पुन्हा लिहावे.

टप्पा २. गावाची संमती, माहितीपटकार ठरण्यापूर्वी

संमती म्हणजे सरपंचांची तोंडी परवानगी नव्हे. विषय सामूहिक जंगलाचा, तलावाचा किंवा गावाने मिळून केलेल्या कामाचा असेल, तर तो ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा. वनहक्क अधिनियम, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्या कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांत बाहेरून येणाऱ्याने आधी ग्रामसभेपुढे बसायचे, ही रीत रुळलेली आहे. इतर गावांनी ती उचलण्यास हरकत नाही.

ठरावात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या विषयाचे चित्रीकरण होणार, कोणत्या जागा दाखवायच्या नाहीत, गावाच्या वतीने बोलणारी दोन माणसे कोण, आणि मिळणारी रक्कम कोणत्या खात्यात जाणार. दाखवायच्या नसलेल्या जागांत देवराई, दहनभूमी, घरटी, गुहा आणि ज्या वाटेने बायका सरपणाला जातात ती वाट, यांचा विचार व्हावा.

व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी आणि ती तिच्या भाषेत घ्यावी. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या वृद्ध माणसापुढे मराठी छापील अर्ज ठेवून अंगठा घेतला, तर त्याला संमती म्हणता येणार नाही. त्याला त्याच्याच भाषेत समजावून सांगावे, ते बोलणे आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित करावे, आणि नंतर नाही म्हणण्याची मुभा त्याला आहे हेही त्याच मुद्रणात असावे.

सावधान: वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेलेल्या घरी चमूला थेट नेऊ नये. भरपाईची कागदपत्रे सुरू असताना कॅमेऱ्यापुढे बोललेले एखादे वाक्य त्या कुटुंबाच्या अंगाशी येऊ शकते, आणि दुःखाच्या दिवसांत दिलेला होकार हा होकार धरण्याजोगा नसतो. आधी नात्यातल्या किंवा गटातल्या जाणत्या माणसाने एकट्याने जाऊन विचारावे.

टप्पा ३. माहितीपटकार शोधणे

उत्तम स्थिरचित्रे काढणारा छायाचित्रकार माहितीपट करू शकेलच असे नाही. शोध तीन ठिकाणी घ्यावा. पर्यावरणविषयक चित्रपट महोत्सवांच्या निवड याद्या, उदाहरणार्थ पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव किंवा दिल्लीचा वातावरण महोत्सव, यांतून भारतीय विषयांवर काम करणारी नावे मिळतात. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग यांतून बाहेर पडलेले तरुण कमी खर्चात, जास्त दिवस राहून काम करायला तयार असतात. तिसरा मार्ग लांबचा, पण टिकाऊ आहे: आपल्याच गावातील एका-दोघांना प्रशिक्षण देणे. आसाममधील तेजपूरच्या ग्रीन हब या प्रशिक्षण केंद्राने ईशान्येतील तरुणांना पर्यावरणविषयक चित्रीकरण शिकवण्याचा जो मार्ग घालून दिला, तो विदर्भातील संस्थांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे.

नाव ठरवण्यापूर्वी त्या व्यक्तीचे किमान दोन पूर्ण झालेले चित्रपट पाहावेत. झलक पाहून निर्णय घेऊ नये, कारण झलकेत सगळेच चांगले दिसते. त्यानंतर त्यातील एखाद्या चित्रपटात काम दिसलेल्या संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचारावा: चित्रपट पूर्ण झाल्यावर ते तुमच्याकडे परत आले होते का?

टप्पा ४. पहिले पत्र आणि कॅमेऱ्याविना पहिली भेट

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. त्यात टप्पा १ मधील गोष्ट, महिन्यांची यादी, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, गटाकडे आधीपासून असलेले साहित्य आणि राहण्याची सोय एवढेच असावे. गटाकडे असलेल्या साहित्याचा उल्लेख करायला लोक विसरतात. जुने फोटो, पक्षिगणनेच्या वह्या, लोक जैवविविधता नोंदवही (गावातील जीवसृष्टीची गावानेच केलेली नोंद), तलावाची जुनी छायाचित्रे, हे सर्व माहितीपटकाराला मोलाचे असते, कारण "पूर्वी असे होते" हे दाखवण्यासाठी त्याच्याकडे दुसरे काही नसते.

पत्रात घरट्याचे, गुहेचे किंवा पाणवठ्याचे नेमके ठिकाण लिहू नये. सोबतच्या फोटोंमधील जीपीएस नोंद काढून टाकावी. लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय तर गटातील प्रत्येकाने मोडलीच पाहिजे, कारण एकदा पाठवलेले ठिकाण पुढे कोणाकडे जाते यावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

पहिल्या भेटीला माहितीपटकाराने कॅमेरा न काढता निदान एक मुक्काम करावा, असे आधीच सांगावे. जो माणूस या अटीला कुरकुरतो, त्याच्यासोबत वर्षभर काम होणे कठीण आहे. या भेटीत कोणत्या मुलाखती लागतील, वनविभागाकडे कोणत्या परवानग्या मागायच्या आणि खर्च कोण करणार, यांची ढोबळ यादी व्हावी.

टप्पा ५. परवानग्या

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्यातील पहिली चूक म्हणजे एका परवानगीला सर्व ठिकाणची परवानगी समजणे. जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावरून अर्ज कोठे करायचा हे ठरते.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २८ लागू होते. प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येते त्यांत छायाचित्रणासोबत चित्रपटनिर्मितीचा उल्लेख २०२२ च्या दुरुस्तीने आला, मात्र अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होता, या अटीवर. परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आहे आणि महाराष्ट्राचे ते कार्यालय नागपुरात आहे, ही विदर्भातील गटांची सोय आहे. तरी अर्जाची प्रत व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना आणि संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यावी. पर्यटकाच्या जिप्सीत बसून, पर्यटकाच्या तिकिटावर व्यावसायिक चित्रीकरण करणे हा पळवाटीचा मार्ग आहे आणि त्यात अडकतो तो सोबतचा स्थानिक गाईड. ताडोब्याच्या कोअर (गाभा) क्षेत्रातील पर्यटन १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, त्यामुळे पावसाळी दृश्ये हवी असतील तर ती अर्जात स्वतंत्रपणे मागावी लागतात.

संरक्षित क्षेत्राबाहेरचे जंगल प्रादेशिक वनविभागाचे असेल, तर अर्ज उपवनसंरक्षकांकडे जातो, आणि तेच जंगल वनविकास महामंडळाच्या ताब्यात असेल तर महामंडळाकडे. शेजारशेजारचे दोन कक्ष, म्हणजे जंगलाचे क्रमांक दिलेले तुकडे, वेगवेगळ्या कार्यालयांकडे असणे चंद्रपूर-गोंदियाकडे नवलाचे नाही. म्हणून अर्जात कक्ष क्रमांक लिहावेत आणि ते वनरक्षकाकडून तपासून घ्यावेत. मामा तलावाच्या बाबतीत तो जिल्हा परिषदेचा की जलसंपदा विभागाचा, आणि मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे, हे पाहावे. खासगी शेतात शेतमालकाची लेखी परवानगी हवीच. शेत ठेक्याने दिलेले असेल तर कसणाऱ्याचीही घ्यावी.

ड्रोनचा अर्ज वेगळा धरावा. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या ड्रोनची नोंदणी लागते आणि उड्डाणाचे क्षेत्र डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन नकाशावर तपासावे लागते. नकाशावर जागा हिरवी, म्हणजे उड्डाणास मोकळी, दिसते म्हणून जंगलावर ड्रोन उडवता येतो, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे, वनविभागाची परवानगी तरीही लागते. परदेशी चमू असेल, तर त्यांनी पर्यटक व्हिसावर येऊन काम सुरू करू नये, ही जबाबदारी निर्मात्याची असली तरी गटाने कागद पाहण्याचा आग्रह धरावा.

अर्जाला जोडायचे: चमूतील सर्वांची नावे व ओळखपत्रे, वाहनांचे क्रमांक, उपकरणांची यादी, दिवस आणि वेळा, एका पानाचा कथासार आणि ग्रामसभेचा ठराव. शुल्क आणि अनामत किती, हे त्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे. ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या आकड्यावर अंदाजपत्रक बांधू नये.

सावधान: ग्रामसभेचा ठराव वनविभागाच्या परवानगीऐवजी चालत नाही, आणि वनविभागाची परवानगी असली तरी गावाच्या संमतीचे काम उरतेच.

तपासणी: परवानगीपत्रातील तारखा, कक्ष आणि माणसांची नावे अर्जाशी ताडून पाहावीत. एखादा सहकारी ऐनवेळी बदलला, तर नवे नाव लेखी कळवल्याशिवाय त्याला नाक्याच्या आत नेऊ नये.

टप्पा ६. लेखी करार

विश्वासावर चालू द्या, असे आपल्याकडे मोठ्या मनाने म्हटले जाते, आणि वितुष्ट नेमके तिथूनच येते. करार वकिली भाषेत नसला तरी चालेल, पण तो मराठीत असावा आणि दोन्ही बाजूंची सही असावी.

पहिला मुद्दा मालकीचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार मोबदला देऊन कोणी चित्रपट करवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास करवून घेणारा त्याचा पहिला मालक ठरतो. म्हणजे गटाने पैसे देऊन चित्रपट करवून घेतला तर स्थिती वेगळी, आणि वाहिनीच्या किंवा निर्मात्याच्या पैशांतून तो होत असेल तर वेगळी. दुसऱ्या स्थितीत गटाला मालकी मिळणार नाही हे मान्य करावे, पण शिक्षण, प्रशिक्षण आणि गावातील प्रदर्शनासाठी चित्रपट व ठरावीक फुटेज विनामूल्य वापरण्याचा कायमचा हक्क लिहून घ्यावा.

दुसरा मुद्दा गटाने दिलेल्या साहित्याचा. आपले जुने फोटो किंवा व्हिडिओ चित्रपटासाठी देताना वापराची मुदत आणि प्रदेश लिहावाच. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याचे) फुटेज वनविभागाच्या परवानगीने मिळालेले असेल, तर ते देण्याचा अधिकार गटाला आहे का, हे आधी विभागाला विचारावे.

यानंतर पैशाचे बोलावे, आणि ते संकोच न करता बोलावे. वाटाड्या, दुभाषी, स्वयंपाक करणारी बाई, डोंगा वल्हवणारा, रात्रभर मचाणावर सोबत बसणारा, यांची मजुरी दिवसागणिक ठरवून त्याच आठवड्यात द्यावी. मुलाखतीसाठी पैसे द्यावेत की नाही यावर माहितीपटकारांत मतभेद आहेत. माझे मत असे की उत्तरासाठी पैसे देऊ नयेत, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई अवश्य द्यावी, आणि ती सर्वांना एकाच दराने द्यावी.

करारात आणखी तीन कलमे असावीत. संवेदनशील ठिकाणे ओळखता येतील असे कोणतेही दृश्य किंवा नाव चित्रपटात येणार नाही. कच्चे संकलन, म्हणजे चित्रपटाची पहिली जुळवणी, गटाला दाखवले जाईल आणि वस्तुस्थितीच्या चुका दुरुस्त केल्या जातील. श्रेयनामावलीत गावाचे, गटाचे आणि काम करणाऱ्या व्यक्तींचे नाव त्यांनी सांगितलेल्या शुद्धलेखनासह येईल. संकलनावर गटाने नकाराधिकार मागू नये. दिग्दर्शकाला तो देणे शक्य नसते आणि तो मागितल्याने खरी कलमेही हातची जातात.

टप्पा ७. चित्रीकरणाचे दिवस

रोज सकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसाची जागा, माणसे आणि परत येण्याची वेळ वनरक्षकाला कळवावी. गटाचा एक माणूस चमूसोबत सतत असावा आणि "इथे थांबा" म्हणण्याचा अधिकार त्याला असावा. हा अधिकार पहिल्या दिवशी सर्वांसमोर जाहीर करावा, नाहीतर तरुण वाटाड्याला पाहुण्यांना अडवणे जमत नाही.

कायद्याची एक बाब सर्वांना सांगावी. १९७२ च्या अधिनियमात "शिकार" या संज्ञेत प्राण्याला आमिष दाखवणे, त्याला हाकणे, तसेच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. सारसाचे घरटे नीट दिसावे म्हणून भोवतीचे गवत वाकवणे, अंड्यांचा जवळून फोटो घेण्यासाठी जोडीला उठवणे, बिबट्या यावा म्हणून बकरी बांधणे, या सर्व गोष्टी परवानगीपत्र खिशात असले तरी गुन्हाच ठरू शकतात. घरट्यावरचे चित्रीकरण दूरच्या भिंगाने, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) आणि ठरावीक वेळेपुरतेच करावे. जोडीतील एकही पक्षी सारखा मान उंचावून पाहू लागला तर मागे सरावे.

तांत्रिक गोष्टींत गटाने फारसे लक्ष घालू नये, दोन अपवाद वगळता. चित्रण २५ फ्रेमवर आहे ना, हे विचारावे, कारण आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेच्या दिव्यांखाली अन्यथा चित्र लुकलुकू शकते. आणि दररोज रात्री फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर होतात ना, हे पाहावे. वीज गेलेली असेल तर त्यासाठी गाडीवरून चार्जिंगची सोय हवी.

सावधान: शाळकरी मुलांना झाडे लावताना दाखवण्याचा मोह सर्वांनाच होतो. मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागेल, आणि जे काम मुलांनी केलेले नाही ते कॅमेऱ्यासाठी त्यांच्याकडून करून घेऊ नये.

टप्पा ८. कच्चे संकलन तपासणे

कच्चे संकलन पाहताना गट सहसा आपण कसे दिसतो हे पाहतो. पाहायचे असते ते वेगळे. प्राण्यांची, झाडांची आणि गावांची नावे बरोबर आहेत का? दुसऱ्या जंगलातील दृश्य आपल्या जंगलाचे म्हणून लावले आहे का? हंगाम जुळतो का, म्हणजे निवेदनात उन्हाळा आणि मागे हिरवे धान असे झाले नाही ना? गोंडी किंवा कोरकू बोलण्याचे भाषांतर त्या भाषेच्या माणसाने ऐकले आहे का? पार्श्वभूमीत ओळखीचा डोंगर, मंदिर किंवा पाटी दिसून घरट्याची जागा उघड होते का? हरकती मिनिट-सेकंदासह एकाच कागदावर लिहून एकदाच पाठवाव्यात. रोज एक नवा फोन केला की संकलक कोणतीच हरकत मनावर घेत नाही.

टप्पा ९. गावात प्रदर्शन आणि फुटेज जपणे

पहिले प्रदर्शन शक्य तेथे गावातच व्हावे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या गावात नाटक असेल त्या रात्री चित्रपट लावला तर खुर्च्या रिकाम्या राहतील, यात चित्रपटाचा दोष नाही. प्रोजेक्टरसोबत इन्व्हर्टर किंवा जनरेटर ठेवावा, निवेदन मराठीत असावे, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना निमंत्रण द्यावे. सारसासारख्या विषयात प्रदर्शन वीण पूर्ण होऊन पिले उडाल्यानंतरच ठेवावे.

करारात ठरलेले फुटेज हातात आल्यावर त्याची एक प्रत गटाकडे आणि एक तालुक्याच्या ठिकाणी विश्वासू संस्थेकडे ठेवावी. प्रत्येक फाइलपुढे तारीख, ठिकाण, दिसणारी माणसे आणि त्यांच्या संमतीचा प्रकार लिहिलेली वही त्याच डिस्कसोबत असावी, आणि बाहेरच्या कोणी फुटेज मागितले तर होकार देणाऱ्या दोघांची नावे वहीच्या पहिल्या पानावर असावीत. ती माणसे बदलली की ग्रामसभेत ठराव करून ती नावेही बदलावीत.